जागेबाबा आणि सात बोटांचा हात

सकाळचा भोंगा झाला की धुलाई कारखान्यातल्या बाया एरवी घराकडे पळायच्या. त्या वर्षी त्या मागच्या गोदामाकडे पळायला लागल्या. झोपायला. रात्रभर इस्पितळांच्या आणि हॉटेलांच्या चादरी धुऊन, पिळून, इस्त्री करून चेहरे उकडल्यासारखे झालेले, पाय सुजलेले, आणि तरी दारात ही रेटारेटी. जणू आत झोपेचं वाटप चाललंय आणि उशीर झाला तर संपली म्हणून सांगतील.

आत ओळीने गाद्या. खिडक्यांना जाड काळे पडदे. पुढे एका चौरंगावर उशी, त्या उशीवर आणखी एक उशी, आणि तिच्यावर जागेबाबा. अंगाने चांगले भरलेले, कपडे पांढरे स्वच्छ, आणि आवाज असा मऊ की ऐकताऐकताच जांभई यावी.

बाया आडव्या व्हायच्या आणि पडल्यापडल्या ढाराढूर. मग तासाभरात कुठूनतरी एक हुंदका यायचा. कोणीतरी उठून बसायची, डोळ्यांत पाणी आणि तोंडावर हसू, आणि सांगायची, की मी झोपले होते आणि मला कळत होतं की मी झोपलेय. मी माझे हात बघितले. हाताला सात बोटं होती. तेव्हा समजलं की हे स्वप्न आहे. मग मी म्हटलं उडू, तर उडाले. म्हटलं आईला बघू, तर समोर आई उभी.

मेलेली आई हं. आणि तिच्याशी बोलणं झालेलं. आता सांगा, कोण पळणार नाही गोदामाकडे?

बाबा डोळे अर्धे मिटून म्हणायचे, "जग जागेपणी झोपतं. माझी माणसं झोपेत जागतात." एवढं बोलून थांबायचे. त्या थांबण्यात मोठी करामत होती. पुढे काहीतरी खोल येणार म्हणून बाया श्वास धरून बसायच्या, आणि पुढे काही यायचंच नाही. सगळ्यांना वाटायचं आपल्यालाच समजलं नाही.

मग स्वप्नांचे अर्थ. पाणी दिसलं तर जुनं दुःख. जिना दिसला तर प्रगती. जिन्यावरून पडली तर अहंकार. जिन्याखाली पाणी असेल तर अहंकारामुळे दुःख. एकदा का हा हिशोब जमला की तुम्हीसुद्धा बाबा होऊ शकता, फक्त दोन उशा लागतील.

मला हे सगळं इतकं बारीक माहीत, कारण मी पण जायची. मी त्याच कारखान्यात काम करून म्हातारी झाले. निवृत्त बाईला गोदामात कोणी अडवत नाही. आणि दुसरं म्हणजे आमच्या घरात थापा मारायचा मान माझा आहे. नातवंडांना मी सांगितलंय की तरुणपणी मला एका देवमाशाने गिळलं, तेव्हा मी त्याच्या पोटात धुलाईचं दुकान काढलं, आणि धंदा इतका चालला की मासा भाडं मागायला लागला. ती पोरं अजून विचारतात की मग साबण कुठून आणायचीस. एवढी वर्षं धंद्यात असल्यावर दुसरा कोणी दुकान मांडून बसला तर माल हातात घेऊन बघावासा वाटतोच.

म्हणून एक दिवस मी बाबांना एक स्वप्न सांगितलं. मला पडलेलं नाही, चहा पिताना बनवलेलं. की पोस्टाच्या कचेरीत एक जिराफ बसलाय, लोकांची तिकिटं चाटून चिकटवून देतोय, आणि माझा नंबर आला तर म्हणतो, आजी, तुमचं पाकीट फार लांबचं आहे, माझी जीभ पुरणार नाही.

बाबांनी डोळे मिटले. बराच वेळ मिटलेले ठेवले. मग म्हणाले की जिराफाची मान म्हणजे लांबलेली इच्छा. पाकीट म्हणजे मृत्यू. तो अजून लांब आहे. अख्खा हॉल गहिवरला. शेजारच्या बाईने माझा हात दाबला.

पुढच्या आठवड्यात मी तोच जिराफ उलटा केला. म्हटलं, पाकीट जवळचंच आहे म्हणाला आणि जीभही पुरली. बाबा म्हणाले, पाकीट म्हणजे सुख, ते जवळ आलंय. म्हणजे मृत्यू लांब असला काय आणि सुख जवळ असलं काय, जिराफ आपला चाटतोय. मी घरी येऊन पोट दुखेपर्यंत हसले. थोरलीला सांगितलं. ती हसली नाही.

थोरली म्हणजे माझी मोठी मुलगी. नवरा ट्रक घेऊन महिनोन्‌महिने बाहेर, म्हणून ती आणि तिची पोरं माझ्याकडेच. ती कारखान्यात रोलरवर होती. ओली चादर दोन बायांनी दोन टोकांना धरून तापलेल्या रोलरमध्ये सोडायची, ती पलीकडून कडक होऊन निघते. थोरलीला काचबिंदू होता. डोळ्यातला दाब वाढतो आणि नजर कडेकडेने खात आत येतो. दुखत नाही, खुपत नाही, म्हणून माणसाला पत्ता लागत नाही. डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी वेळेवर पकडला होता आणि रोज थेंब घालायला सांगितले होते. जन्मभर. थेंब घातले तर नजर आहे तेवढी राहील, एवढंच त्यांनी कबूल केलं होतं. वाढेल असं म्हणाल्या नव्हत्या. खरं बोलणाऱ्या माणसाचं हेच वाईट असतं, त्याच्या दुकानात माल कमी.

त्या दिवशी मी हसत होते आणि ती चहा ओतत होती. चहा कपाच्या डाव्या अंगाने बशीत, बशीतून टेबलावर. तिला दिसलाच नाही.

मी विचारलं थेंब घालतेस ना. म्हणाली, घालते. मी खोटं बोलण्यात मुरलेली बाई, मला कोण फसवणार. पुन्हा विचारलं. तेव्हा तिने किटली खाली ठेवली.

"आई, स्वप्नात मला सगळं दिसतं. कडेचंसुद्धा. भिंतीवरचा एकेक पोपडा दिसतो. बाबा म्हणाले आतला डोळा उघडतोय. थेंब बाहेरचा डोळा उघडतात आणि आतला मिटवतात."

"कधीपासून बंद केलेस?"

"बरेच महिने झाले."

मी काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. तिनेही ऐकून घेतलं नाही. म्हणाली, तू सगळ्यांची टिंगल करतेस, तुला कशाचंच काही वाटत नाही. मी म्हटलं, अगं तो माणूस जिराफाच्या मानेवर भविष्य सांगतोय. ती म्हणाली, जिराफ तुझा खोटा होता, माझं दिसणं खरं आहे.

आणि अडचण अशी, की ते खरंच होतं.

हे मला कळलं कारण दुसऱ्या दिवशी मी त्या गोदामात खरोखर झोपले. तोपर्यंत मी नुसती डोळे मिटून पडायची. त्या दिवशी मुद्दाम रात्रभर जागले, बायांसारखीच, आणि सकाळी गादीवर पडले. मनात पक्कं होतं, की काही होणार नाही आणि मग घरी जाऊन थोरलीला सांगायचं, बघ.

स्वप्नात मी बाजारात होते. कोबी घेत होते. मध्येच उगाच माझे दोन्ही हात वर आले, तोंडासमोर, बोटं पसरून. मी बघितलं तर डाव्या हाताला सात बोटं. आणि डोक्यात लख्ख प्रकाश पडला, अरे, मी झोपलेय. कोबीवाला समोर, रस्ता समोर, सगळं जागेपणापेक्षा झगझगीत, आणि मी त्याच्या मध्ये जागी. मी म्हटलं, माणूस बघू. म्हणजे माझा वारलेला नवरा, पोरं त्याला बाबा म्हणायची, पण आता त्या शब्दाची शिसारी येते. तर तो आला. कोबीच्या गाडीमागून. त्याच्या शर्टाचं वरचं बटण तुटलेलं होतं, तसंच.

उठले तेव्हा उशी ओली होती. बाबांनी विचारलं, आजी, जागलात? मी मान हलवली. खोटं नव्हतं ते.

घरी येताना रस्त्यात मला फार राग येत होता आणि तो कोणावर काढावा ते कळत नव्हतं. माणूस लबाड आहे हे मला माहीत होतं. पण स्वप्न लबाड नव्हतं. लोक इथेच फसतात. मीही त्या संध्याकाळी थोडी फसलेच होते, कारण पुन्हा जावं असं वाटत होतं. बटण तुटलेल्या माणसासाठी.

मी डॉक्टरीणबाईंकडे गेले. दवाखान्यात शेवटचा पेशंट जाईपर्यंत बसले आणि मग सगळं सांगितलं. मला वाटलं त्या हसतील. त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, झोपेत आपण स्वप्न बघतोय हे कळणं हा काही चमत्कार नाही. पुष्कळांना आपोआप कळतं, काहींना शिकवून येतं, त्यावर नीट अभ्यास झालाय. झोप अपुरी असलेल्या माणसाला स्वप्नं लवकर आणि जोरात पडतात. जास्तीच्या पाळ्या करणाऱ्या या बायांना आडवं पडल्यापडल्या पडत असतील तर नवल नाही. आणि स्वप्नात कडेचं दिसतं कारण तिथे डोळा बघतच नसतो. आंधळा झालेला माणूससुद्धा स्वप्नात वर्षानुवर्षं बघतो. ते चित्र मेंदू काढतो, आठवणीतून.

मी म्हटलं, मग एका हॉलमध्ये सगळ्यांनाच कसं होतं?

त्या म्हणाल्या, "सगळ्यांना होतं का? आजी, कोणाला होतं ते राहू द्या. कोणाला होत नाही ते सांगा."

मी एवढी म्हातारी झाले, पण हा प्रश्न माझ्या डोक्यात आला नव्हता. कोणाच्याच आला नव्हता. ज्यांना होतं त्या रडत-हसत उठून बसतात, त्यांच्याकडे सगळ्यांचं लक्ष. ज्यांना होत नाही त्या गुपचूप चपला शोधतात.

मी आठवायला लागले. घडीवर काम करणाऱ्या बायांना होत नव्हतं. बाबांनी सांगितलं होतं की त्यांच्या मनाला घड्या पडल्यात. फाटक्या चादरी शिवणाऱ्या शिंपिणीला नाही. हजेरी घेणाऱ्या कारकुनाला नाही, तो बिचारा महिनाभर येत होता, त्याला सांगितलं तुमचं मन आकड्यांत अडकलंय. मॅनेजरसाहेबांच्या बायकोला नाही, तिचं मन फार उंचावर आहे म्हणून. होत होतं ते सगळं रोलरवरच्या बायांना. आणि मला. आणि मी निवृत्त होईपर्यंत कुठे होते? रोलरवर.

तेव्हा मी डॉक्टरीणबाईंना विचारलं, तुमच्या टेबलावरची ती घंटी जरा वाजवता का. पेशंटला बोलवायची घंटी. त्यांनी वाजवली. माझे दोन्ही हात तोंडासमोर आले.

आता हे समजावून सांगायला हवं. फार पूर्वी एका मुलीचा हात रोलरमध्ये गेला होता. तेव्हापासून कारखान्यात नियम आहे. रोलर सुरू करण्याआधी घंटी वाजते. घंटी वाजली की दोघी बायांनी दोन्ही हात वर करायचे, बोटं पसरून तोंडासमोर धरायचे, आधी आपले हात बघायचे, मग जोडीदारणीचे. चारही हात बाहेर आहेत हे दिसलं की मुकादम बटण दाबतो. पाळीभर हेच. वर्षानुवर्षं हेच. हाडात जातं ते. आमच्यातल्या एकीच्या लग्नात कोणीतरी घंटी वाजवली आणि नवरीने आणि तिच्या पाच मैत्रिणींनी हात वर केले. पाहुण्यांना वाटलं दरोडा पडला.

आणि बाबांच्या गोदामात घंटी होती. उघड होती, लपवलेली नव्हती. बाबांचा एक सेवक होता, चकचकीत टकलाचा, बाया त्याला गुळगुळीत म्हणायच्या. तो अनवाणी गाद्यांमधून फिरायचा, वाकून एकेकीचं तोंड बघायचा आणि कानाशी हळूच एक छोटी घंटी वाजवायचा. दुष्ट विचार पळवायला, असं सांगितलं होतं. डॉक्टरीणबाईंनी ऐकलं आणि त्यांचं तोंड कडू झालं. म्हणाल्या, स्वप्न चालू असताना पापणीखाली बुबुळं इकडेतिकडे पळतात. तो तेच बघतो. बुबुळं हलली की घंटी. बाई जागी होत नाही, पण आवाज स्वप्नात शिरतो, हात वर येतात. स्वप्नातले हात कधी नीट दिसत नाहीत, बोटं कमीजास्त होतात. ते बघितलं की कळतं, हे स्वप्न आहे.

एवढंच. त्या माणसाने हे शिकवलंही नव्हतं. कारखान्याने आमच्या हाडात घातलेलं त्याने फुकट वापरलं. पुढे कळलं की तो बाबा व्हायच्या आधी रोलरचे सुटे भाग विकत गावोगावच्या धुलाई कारखान्यांत फिरायचा, आणि त्याने जिथे जिथे गाद्या घातल्या तिथे तिथे रोलर होते.

मी थोरलीला हे सांगितलं. ती म्हणाली, तुझी आणखी एक गोष्ट. तेही बरोबरच. आयुष्यभर देवमासे सांगितल्यावर खरं सांगायला गेलं की तेही देवमाशाच्याच पोटात जातं. डॉक्टरीणबाईंनी तिला बोलावलं, ती गेली नाही. तेव्हा आम्ही दोघींनी ठरवलं की हिला सांगून उपयोग नाही, हिच्यासमोर दाखवायला हवं. आणि लवकर. डॉक्टरीणबाईंच्या म्हणण्याप्रमाणे रोज थोडं थोडं जात होतं.

कानात घालायचे मेणाचे बोळे त्यांनी आणून दिले. मी रोलरवरच्या बायांना एकेक करून गाठलं. प्रत्येकीला वेगळी थाप मारली, त्यात मला मदत लागत नाही. कोणाला सांगितलं सर्दी उतरते, कोणाला सांगितलं बाबांची परीक्षा आहे. ठरलं असं की गोदामाच्या उजव्या अंगाला झोपणाऱ्यांनी पांघरूण डोक्यावर घेऊन बोळे घालायचे, डाव्या अंगाच्यांनी नाही. कोण कुठे झोपणार त्याच्या चिठ्ठ्या काढल्या, म्हणजे नंतर कोणी म्हणायला नको की भाबड्या सगळ्या एकीकडे आणि शहाण्या दुसरीकडे. थोरलीची चिठ्ठी उजवीकडची निघाली. तिला मी सांगितलं, की आजच्या दिवस बोळे घाल आणि तरी दिसलं तर मी पुन्हा कधी तोंड उघडणार नाही. त्यासाठी तिने घातले.

त्या सकाळी डॉक्टरीणबाई माझ्या शेजारी भिंतीला टेकून बसल्या. नवीन भक्त म्हणून आल्यात असं सांगितलं. बाया झोपल्या. गुळगुळीत फिरत होता, वाकत होता, किणकिण करत होता. डाव्या अंगाला हुंदके सुरू झाले. उजव्या अंगाला नुसतं घोरणं.

सगळ्या उठल्यावर बाबांनी नेहमीसारखं विचारलं, कोण कोण जागलं. डावीकडे हात वर झाले, सगळ्या नव्हे, पण पुष्कळ. उजवीकडे एकही नाही. बाया एकमेकींकडे बघायला लागल्या. हे असं सरळ रेषेत कधी झालं नव्हतं.

बाबांनी डोळे मिटले. मग म्हणाले, "आज कृपेचा ओघ डावीकडे वळलाय. हृदय डावीकडे असतं."

मी म्हटलं, "बाबा, तुमचं तोंड आमच्याकडे आहे. तुमची डावी बाजू म्हणजे आमची उजवी."

कोणीतरी फिसकन हसलं. मी उजवीकडच्यांना कानाकडे बोट दाखवून म्हटलं, काढा गं बोळे. त्यांनी कानातून मेण काढून तळहातावर धरलं. बाबांना अजून कळलं नव्हतं, पण गुळगुळीतला कळलं. तो दाराकडे सरकला. मी त्याच्या हातातली घंटी घेतली. त्याने दिलीही, म्हाताऱ्या बाईशी झटापट कोण करणार.

आणि मी ती वाजवली. एकदाच.

गोदामातल्या सगळ्या रोलरवाल्या बायांचे हात तोंडासमोर वर आले. डाव्या, उजव्या, सगळ्यांचे. बोटं पसरलेली. आधी आपले हात, मग मान वळवून शेजारणीचे. कोणी ठरवलं नव्हतं. घडीवाल्या बाया तशाच मांडीवर हात ठेवून बसलेल्या, त्या चकित होऊन बघतायत. मग रोलरवाल्यांच्या लक्षात आलं आपण काय करतोय. हात तसेच वर राहिले.

डॉक्टरीणबाईंनी उठून चार वाक्यांत सगळं सांगितलं, बुबुळांचं आणि झोपेचं. मी तिकडे लक्ष देत नव्हते. मी थोरलीकडे बघत होते. तिने आपले हात बघितले होते आणि आता नियमाप्रमाणे डावीकडच्या शेजारणीचे हात बघायचे होते. ती शेजारीण तिच्या अगदी खांद्याला लागून होती, हात वर धरून. थोरलीने मान वळवली, आणखी वळवली, तरी तिची नजर हवेत काहीतरी शोधत होती. शेजारीण घाबरून म्हणाली, अगं, इथे आहेत की.

थोरली म्हणाली, "आई, हिचे हात कुठेत?"

याच थोरलीबरोबर त्या सगळ्याजणी रात्रभर रोलरवर उभ्या राहत होत्या. तिला जोडीदारणीचे हात दिसत नव्हते आणि ती दिसले म्हणून मान हलवत होती.

तो माणूस दुपारी गेला. दोन्ही उशा घेऊन गेला. मॅनेजरसाहेब म्हणाले त्यांना यातलं काही माहीत नव्हतं, त्यांनी फक्त कामगारांच्या विश्रांतीसाठी जागा दिली होती. हे मात्र खरं की ते गोदाम चालू होतं तोवर एकीनेही जास्तीच्या पाळीबद्दल तक्रार केली नव्हती. मेलेली आई रोज सकाळी भेटत असेल तर पाळीचं कोण बोलणार. झोप जितकी कमी, तितकी आई लवकर येते. मॅनेजरसाहेबांनी हा हिशोब मांडला होता की नाही, देव जाणे. आता गोदामात पुन्हा जुन्या चादरी आहेत, आणि पाळ्या आहेत तशाच आहेत. काही बाया अजून माझ्याशी बोलत नाहीत. त्यांतल्या एकीने मला तोंडावर सांगितलं, तुझं काय बिघडत होतं, मला माझं पोर भेटत होतं. मी म्हटलं, अगं, अजून भेटेल, त्याला बाबा लागत नाही. पण तिला ते तसं नको होतं.

थोरलीची तपासणी झाली. डॉक्टरीणबाईंनी कागदावर डोळ्याचं चित्र काढून दाखवलं, गेलेला भाग पेनाने काळा केला. डाव्या डोळ्यात मध्ये एक छोटा पांढरा ठिपका उरला होता. उजव्यात जरा बरं. मी विचारलं, आता नेमाने थेंब घातले तर? त्या म्हणाल्या, राहिलंय ते राहील. मी विचारलं, आणि गेलेलं? त्यांनी पेनाला टोपण लावलं.

कारखान्याने तिला रोलरवरून काढून घडीवर बसवलं.

परवा दूरच्या गावाहून एक तरुण बाई आमचं दार विचारत आली. तिथल्या धुलाई कारखान्यात काम करते. तिला फिट्स येतात, गोळ्या चालू आहेत. तिच्या गावात एक स्वप्नगुरू आलाय, नाव वेगळं, उशा दोनच. तो म्हणतो गोळ्यांनी आतली जाग मरते. कोणीतरी तिला सांगितलं की इथे एक बाई त्याच्याकडे जायची, तिला विचार.

थोरलीने तिला समोर बसवलं. अंदाजाने नव्हे, हाताने चाचपून खुर्ची ओढून दिली. ती बाई म्हणाली, ताई, खरंच होतं का हो तसं?

"होतं," थोरली म्हणाली. "खोटं नाही सांगत. सगळं दिसतं. मला अजूनही दिसतं, रात्री. मेणाचे बोळे घालूनसुद्धा कधीकधी दिसतं, आता मला जमायला लागलंय. फार छान असतं. तू झोप, बघ, उड. पण सकाळी उठलीस की गोळी घे. तुझं स्वप्न आणि तुझी गोळी यांचा एकमेकांशी काही संबंध नाही. तो संबंध त्याने जोडला. का जोडला ते त्याला विचार, आणि तुझ्या डॉक्टरलाही विचार, आणि कोणाला होत नाही तेही विचार. विचारलं म्हणून काही जात नाही. मी विचारलं नाही, तर माझं हे गेलं."

आणि तिने डाव्या डोळ्याच्या कडेला हात धरला आणि हलवून दाखवला. त्या बाईला वाटलं ती डोळा झाकतेय. थोरली म्हणाली, झाकत नाहीये. हात इथे असला तरी मला दिसत नाही, हे दाखवतेय.